कुजक्या ओंडक्यापाशी

पद्माक्कांनी कोयनानगरात पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की या गावात माणसांपेक्षा बुरशीचा मुक्काम जुना आहे. चपलेवर बुरशी, पाटावर बुरशी, जपमाळेच्या दोऱ्यावर बुरशी. सकाळी पुसून काढावी तर संध्याकाळी पुन्हा हजर, निर्लज्जासारखी. भिंतीला हात लागला की हात ओला. पांघरूण घ्यावं तर वाटायचं, हे आत्ताच कुणाच्या तरी अंगावरून काढलंय. आणि सगळ्याला मिळून एक वास. कुजलेल्या पाल्याचा, ओल्या कुत्र्याचा, वर्षभर न उघडलेल्या पेटीचा. पद्माक्का दिवसभर नाकाला पदर लावून वावरायच्या, आणि पदरालाही तोच वास यायचा.

"सरकारनं हितं धरण बांधलं ते समजलं," त्या मुलाला म्हणाल्या, "पाण्याला दुसरी जागा नसंल. पर माणसं कशाला आणून ठेवली रं?"

मुलगा पायगोंडा प्रकल्पाच्या गोदामात कारकून होता. तो हसला आणि आपले भिजलेले बूट चुलीपाशी वाळायला सरकवू लागला. "चुलीला चामडं?" पद्माक्का अशा काही ओरडल्या की बूट त्याच्या हातातून गळून पडले.

सांगलीच्या पुढं कृष्णाकाठी पद्माक्कांचं घर. अंगणात हळद वाळायची, हाकेच्या अंतरावर बस्ती, म्हणजे जैनांचं देऊळ होतं, तिथली सकाळची घंटा ऐकली की दिवस सुरू व्हायचा. तिथला पाऊससुद्धा रीतभात असलेला. यायचा, उसाला पाणी पाजायचा आणि जायचा. असलं कोरडं-ठाक घर सोडून ही बाई ऐन पावसाळ्यात डोंगराच्या बगलेत येऊन बसली ती सुनेपायी. गुणमाला पोटुशी होती. मागल्या सालीही ती अशीच होती. तिसऱ्या महिन्यात माहेरी निघाली, एस.टी.नं घाटाच्या वळणांवर तिला घुसळून काढलं, आणि कराडच्या स्टँडवर उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. यंदा कॉलनीतल्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पाचवा महिना सरेपर्यंत गाडीत पाय ठेवायचा नाही. सून येऊ शकत नाही म्हणून सासू आली. आली आणि चातुर्मास बसला.

पद्माक्कांचे नेम त्यांच्या हाडात मुरलेले होते. चातुर्मासात गावाची शीव ओलांडायची नाही. दिवसातून एकदाच जेवायचं. आणि जेवताना ताटात एखादा जीव पडला, अगदी मुंगी जरी, तर ते जेवण तिथंच संपलं. ताट सारायचं, हात धुवायचा, मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. याला त्या अंतराय म्हणायच्या. आल्याच्या आठवड्यातच भातात मुंगी निघाली. पद्माक्का मुकाट्यानं उठल्या. समोर गुणमालेनं दोन घास कसेबसे घेतले होते, तिनंही ताट सारलं.

"तू का उठलीस गं?"

"तुमी उपाशी, आन् मी खाऊ व्हय आत्ती?"

"तुला कुठं नेम हाय? बस खाली, जेव."

पण ती बसली नाही. पोर मोठी लाघवी होती आणि तितकीच हट्टी. आणि खरं सांगायचं तर तिला निमित्तच हवं होतं, कारण तिच्या पोटात काही ठरतच नव्हतं. भात पाहिला की उमासा, आमटीची फोडणी बसली की मोरीकडे धाव. दंडातल्या बांगड्या मनगटाशी आणि मनगटातल्या तळहातावर येऊ लागल्या. पद्माक्कांनी जे जे येत होतं ते ते करून पाहिलं. साळीच्या लाह्या, मुगाचं कढण, दूधभात. सगळं आल्या वाटेनं परत. "डोहाळं कसलं लागल्यात ते तरी सांग," त्या रोज विचारायच्या. "कायच न्हाई आत्ती," ती रोज म्हणायची, आणि दुसरीकडे बघायची.

आता जळणाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. रॉकेलच्या स्टोवरचं अन्न पद्माक्कांना चालायचं नाही. चुलीवरचंच हवं, आणि चुलीत जाणारं लाकूड आधी शोधून घेतलेलं हवं. शोधायचं म्हणजे प्रत्येक काटकी जमिनीवर आपटायची, फटीतून कुंचा फिरवायचा, साल सुटत असेल तर सोलायची, आणि आत कुणी राहत असेल तर त्याला अलगद बाहेर काढायचं. कृष्णाकाठी शेणी आणि तुरीच्या तुराट्या. त्यात फार तर एखादी मुंगी सापडायची. इथं जळण आणायची मनुबाई. डोंगरावरच्या वाडीतली, काटक, कायम घोंगडं पांघरलेली. क्वार्टरांच्या मागं, तारेच्या कुंपणापलीकडे, भूकंपात उन्मळून पडलेला एक मोठा आंबा होता. त्याच्या फांद्या तोडून ती मोळी बांधायची. सात वर्षं तो आंबा तिथं पडून कुजत होता.

पहिल्याच मोळीतली पहिलीच काटकी आपटली आणि पाच-सहा किडे टपटप खाली पडले. काळे कुळकुळीत, चिंचोक्याएवढे, पाठीवर नारिंगी पट्टे. पडले ते पाय पोटाशी घेऊन मेल्यागत निपचित. पद्माक्कांनी सुपलीच्या कडेनं एकाला हळूच ढकललं, तर त्याच्या गुडघ्यांतून पिवळसर पाणी आलं आणि असा काही वास सुटला म्हणता! ढेकूण चिरडल्याचा आणि सडक्या बटाट्याचा मिळून जो होईल तो. त्यांनी पदर नाकाशी नेला, तर पदराचा नेहमीचा कुबट वास त्या मानानं अत्तर वाटला.

"ह्ये काय गं बाई?" त्यांनी मनुबाईला विचारलं.

"किडं हाईत. बुरशी खात्यात. आंब्यावर पांढरी थरं आल्यात न्हवं, तेच्यात ऱ्हात्यात."

खातात काय, तर बुरशी! पद्माक्कांच्या अंगावर शहारा आला. अळंबी, भूछत्र, बुरशी हा सगळा गोतावळा त्यांच्या लेखी अभक्ष्यातला अभक्ष्य. कणाकणात अनंत जीव. खाणं सोडाच, जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. आणि हे किडे त्याच्यावरच पोसलेले. पण घाणेरडा असला तरी जीव तो जीव. पाणी गाळल्यावर फडक्यात जे राहतं, ते ज्या आडाचं त्याच आडात नेऊन सोडायचं, ही त्यांच्या घरची सात पिढ्यांची रीत. तोच न्याय किड्यांना. ज्या ओंडक्यावरचे, त्या ओंडक्यावर.

पहिले दोन दिवस पद्माक्का स्वतः गेल्या. सुपलीत किडे, डोक्यावर छत्री, नाकावर पदर. परत आल्या तेव्हा पोटरीला जळू लागलेली. टपोरी, चकचकीत, रक्त पिऊन तट्ट फुगलेली. मीठ टाकलं तर मरेल, ओढली तर तुटेल. तेव्हा पद्माक्का उंबऱ्यावर बसून तिचं पोट भरायची वाट पाहत राहिल्या आणि या गावाला मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. ते पाहून गुणमाला म्हणाली, "आत्ती, मी जात जाईन. वाट सपाट हाय. डॉक्टर म्हणलं न्हवं का, जरा चाल म्हणून."

त्या दिवसापासून किडे पोचवायचं काम सुनेकडं गेलं. आणि गंमत अशी, की त्या एका कामाला ती एरवीच्या मरगळीतून टुणकन उठायची. कुणी न सांगता सगळ्या काटक्या शोधायची, सुपली घ्यायची आणि निघायची. परत यायची ती तोंडावर तुकतुकी घेऊन. जाऊन यायला आधी घटकाभरही लागायची नाही, मग अर्धा तास लागू लागला, मग तासही. पद्माक्कांचा ऊर भरून आला.

"बघ रं," त्या पायगोंडाला म्हणाल्या, "तुझ्या बायकूचं मन धर्माला लागलं. किड्यांपाशी बसून जप करती वाटतं."

माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, आणि पद्माक्का तर सासू होत्या.

एका दुपारी वाळत घालायला म्हणून त्यांनी सुनेचं लुगडं पिळलं. पदराच्या टोकाला गाठ होती. सुपारी असेल म्हणून त्यांनी ती सोडली, आणि तळहातावर एक पांढरा, लिबलिबीत, जाडसर तुकडा पडला. थंड. कानाच्या पाळीसारखा मऊ. त्याच्या एका कडेला कुरतडल्याच्या खुणा होत्या. वास आला आणि पद्माक्कांना कळलं आपण हातात काय धरलंय. त्यांनी किंकाळी मारून ते मोरीत फेकलं, मग मोरीत फेकलं म्हणून पुन्हा चिमट्यानं उचलून दाराबाहेर नेलं, आणि राखेनं हात घासत राहिल्या, घासत राहिल्या, कातडी लाल होईपर्यंत.

गुणमाला दारात येऊन उभी राहिली होती. पांढरीफटक.

"हे दात तुझं का किड्याचं?" पद्माक्कांनी विचारलं.

"किड्याचं आत्ती. देवाशपथ. म्या नुसतं हुंगलं."

"हुंगलं?"

"रोज हुंगते. त्या ओंडक्यापाशी गेलं की मळमळ थांबती. तोंडाला पाणी सुटतं. भूक लागती." तिला रडू कोसळलं. "मला सोताचीच शिसारी येती आत्ती. सपनात बी तेच दिसतं. अजून खाल्लं न्हाई. पर उद्याचं मला सांगवत न्हाई. जीभ माझी राहिली न्हाई."

म्हणजे डोहाळे लागले होते. आणि लागले ते कशाचे! कुणाला चिंच लागते, कुणाला माती, फार तर चुलीची राख. पद्माक्कांच्या पाटील घराण्यात चार पिढ्यांत कुणी कांदा चिरला नाही, आणि त्या घरच्या लेकराला आईच्या पोटातून बुरशी हवी होती. आणि आपण या पोरीच्या हातचं रोज जेवतोय! जप कसला, धर्म कसला! किड्यांच्या पंगतीला बसत होती सून.

संध्याकाळी पायगोंडा आला. सगळं ऐकून तो डोकं खाजवत म्हणाला, "खाऊ दे की आई जराशी. डोहाळं पुरवावं लागत्यात म्हणत्यात. आन् हितं जंगलात बघतंय कोण?"

"बघणारं नसलं की धरम संपला व्हय रं? कँटीनात काय काय खातोस त्ये बी कुणी बघत न्हाई, व्हय ना?"

पायगोंडानं मान खाली घातली. त्या घातलेल्या मानेकडे बघून पद्माक्कांना जे कळायचं ते कळलं, आणि त्या दिवशीची त्यांची शिसारी काठोकाठ भरली.

सकाळी मनुबाई मोळी घेऊन आली. पद्माक्कांनी तिला सरळच विचारलं, "ती आंब्यावरची पांढरी थरं तुमच्यात खात्यात का?"

"ती? छ्या!" मनुबाईनं कानाला हात लावला. "आमी वारुळावरली अळंबी खातो. ही न्हाई. आमच्या आजीच्या वक्ताला एकीनं खाल्ली हुती, तिसऱ्या दिशी गेली म्हंत्यात. हिला कुणी शिवत न्हाई."

"पर किडं तर रोज खात्यात," गुणमाला आतून म्हणाली. "मरत्यात कुठं?"

तिचा आवाज इतका साधा, इतका भुकेला होता की पद्माक्कांच्या काळजात चर्र झालं. पोरीनं मनाशी हिशेब मांडून ठेवला होता. किडा खातो आणि जगतो, मग आपण का नाही? आज ना उद्या ती खाणार होती. धर्म बुडेल तो बुडेल, पोटातलं लेकरूही बुडेल, आणि कदाचित ही पोरसुद्धा. आणि तिला त्या ओंडक्यापाशी रोज धाडलं होतं कुणी? पद्माक्कांच्याच नेमानं.

त्या दिवसापासून सुपली पुन्हा पद्माक्कांच्या हातात आली आणि गुणमालेला मागच्या दाराकडे जायची बंदी झाली. बंदी झाली आणि तिचं खाणं पार तुटलं. तीन दिवसांत डोळे खोल गेले. पाण्याचा घोटसुद्धा ठरेना. डॉक्टरांनी येऊन नाडी पाहिली, तोंड बारीक केलं आणि पायगोंडाला बाहेर नेऊन सांगितलं, पोटात काही टिकलं नाही तर कराडला नेऊन सलाईन लावावं लागेल, आणि घाटातून नेलं तर पोराची हमी मी देत नाही. भिंत पातळ होती. आत दोघींनी शब्द न् शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी पद्माक्का किडे सोडायला गेल्या त्या लगेच परतल्या नाहीत. छत्री धरून ओंडक्यासमोर उभ्या राहिल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिकडे नीट पाहिलं. शत्रूचं घर तरी बघून ठेवावं, म्हणून.

बुरशीचे पांढरे थर ओंडक्यावर एकावर एक चढले होते, फळीवर फळी ठोकावी तसे. ढगांनी दुपारचीच संध्याकाळ केली होती, त्यामुळं किडे सालीच्या फटींतून बाहेर पडले होते. प्रत्येक थराच्या पोटाशी डोकं खुपसून पाच-पाच, सात-सात. नुसतं खाणं. एकाच्या पाठीवर दुसरा चढलेला, आणि खालचा तरी खातोच आहे. थराच्या आत भोकं, भोकांत अळ्या; मळकट, काटेरी, वळवळणाऱ्या, आपलंच घर खात पुढं सरकणाऱ्या. जिथं खायचं तिथंच घाण करायची, तिथंच अंडी घालायची, तिथंच पोरं वाढवायची. सोवळं नाही, ओवळं नाही. तरी पद्माक्का पाहत राहिल्या.

मनुबाई बाजूलाच फांदी तोडत होती. "उन्हाळ्यात काय करत्यात गं ही?" पद्माक्कांनी विचारलं.

"काय न्हाई. सालीखाली गप पडून ऱ्हात्यात. ह्ये उगवल्याबिगर कायच खात न्हाईत."

म्हणजे पावसाळाभर खायचं आणि बाकी वर्ष उपास. पद्माक्कांचं बरोबर उलटं. दुसरं समोर काही आलं तरी तोंड लावायचं नाही, हा नेम मात्र तोच. असल्या गलिच्छ जातीशी आपलं एवढंसुद्धा जुळावं, याचा त्यांना राग आला. पण राग येता येता दुसरंच काही सुचलं. गुणमाला काय म्हणाली होती? हुंगलं की मळमळ थांबते. हुंगलं की भूक लागते. मग भूक लावायचं काम त्या ओंडक्याचं, आणि ती भागवायचं काम चुलीचं.

त्या तरातरा घरी आल्या. तांदळाचं ताजं पीठ कालवलं, तव्यावर जाड, मऊ, पांढरी धिरडी घातली. डब्यात धिरडी, वाटीत तूप-गूळ, दोन ताटल्या, पाण्याचा तांब्या. मग सुनेच्या अंथरुणापाशी येऊन म्हणाल्या, "ऊठ. छत्री घे."

"कुठं आत्ती?"

"तुझ्या माहेरी. त्या ओंडक्यावर."

गुणमालेला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती पडल्याजागी उठून बसली.

पद्माक्कांनी आयुष्यात उघड्यावर अन्न खाल्लं नव्हतं. पंगतीत पाट पुसून घेतल्याशिवाय बसल्या नव्हत्या. आता त्यांनी चिखलात गोणपाट टाकलं, त्यावर धुतलेलं फडकं, आणि कुजक्या आंब्याला पाठ न लावता, अंग चोरून बसल्या. छत्रीवर पाऊस बदाबदा वाजत होता. एक जळू गवताच्या पात्यावर उभी राहून इकडे-तिकडे डोकं हलवत कुणाला लागावं ते ठरवत होती. वास तर असा, की जणू सगळ्या जगाचं मोरीचं पाणी इथंच तुंबलंय.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. "हात लावायचा न्हाई. जीभ लावायची न्हाई. नाकानं त्येचं खा, तोंडानं माझं खा."

गुणमालेनं नाक एका पांढऱ्या थराजवळ नेलं आणि डोळे मिटले. तिच्या तोंडावर आलेलं सुख पाहून पद्माक्कांना किळस आली आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदमच. मग पोरीनं धिरड्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. पद्माक्का श्वास धरून थांबल्या. घास खाली गेला. खालीच राहिला.

"तुमी बी बसा की आत्ती. मी एकटी कशी खाऊ?"

पद्माक्कांना हेच भय होतं. दिवसातलं एकच जेवण, आणि ते इथं! पण पोर थांबली होती. त्यांनी मुनी लोक आठवले, जे उभ्यानं, ओंजळीत पडेल ते जेवतात, तक्रार करत नाहीत. तोंडानं श्वास घेत त्यांनी पहिला घास गिळला. दुसरा मोडला. पायाला काहीतरी गार चिकटलं. जळूनं ठरवलं होतं. पी बाई, तूही पी, म्हणून त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

गुणमालेचं तिसरं धिरडं चाललं होतं. अजून जवळून वास घ्यायला ती पुढं वाकली, तिचं कपाळ थराला लागलं, आणि वरून एक किडा सुटला तो नेमका पद्माक्कांच्या ताटलीत. तुपावर. पाय पोटाशी, मेल्यागत.

अंतराय. जेवण संपलं. पोटात एकच घास गेलेला. आता उद्या दुपारपर्यंत काही नाही. त्याचं पद्माक्कांना फारसं वाटलं नाही. असले दिवस त्यांनी पुष्कळ काढले होते. पण त्या उठल्या की समोरची पोर उठणार. "तुमी उपाशी, आन् मी खाऊ व्हय?" म्हणणार. आणि किडा नुसता ताटलीत ठेवला, तर डोळे उघडताच तिला दिसणार.

पद्माक्कांनी डावा हात पुढं केला आणि किडा उचलला. बोटांनी. उघड्या. ज्याला आजवर सुपलीच्या कडेनंच ढकललं होतं, त्याच्यावर त्यांनी मूठ मिटली. जीव जाईल इतकी घट्ट नाही, सुटेल इतकी सैलही नाही.

मुठीत आधी तो निपचित होता. मग ओलं लागलं. पिवळं पाणी बोटांच्या फटींत उतरलं आणि तो वास वर आला. मग सहा पाय तळहातावर खरवडू लागले, रेषांतून वाट शोधू लागले, करंगळीच्या बेचक्यात डोकं खुपसू लागले. पद्माक्कांच्या मानेपर्यंत काटा आला. पोटातून सगळं वर उसळलं. त्यांनी दात आवळून ते परत खाली ढकललं. आणि उजवा हात रिकामाच ताटलीकडे नेला, रिकामाच तोंडाशी नेला, आणि तोंड हलवलं.

"लय चांगलं झाल्यात आत्ती," गुणमालेनं डोळे उघडून म्हटलं. "अजून हाय?"

"डब्यात हाय. घे."

तिनं चौथं घेतलं. पाचवं अर्धं घेतलं. मूठ मिटलेलीच होती. रिकामा हात ताटलीकडे जात होता, तोंडाशी येत होता. पाऊस पडत होता, जळू पीत होती, किडे खात होते, पोर खात होती. पद्माक्का तेवढ्या चावत होत्या, आणि तोंडात काही नव्हतं. शेवटी गुणमालेनं बोटं चाटली, वर पाहिलं आणि एक मोठा ढेकर दिला. मग लाजून तोंडावर हात धरला.

"तुमचं धिरडं तसंच हाय की आत्ती."

"माझं झालं," पद्माक्का म्हणाल्या. "ऊठ, हो पुढं. मी भांडी घेऊन आले."

पोर पाठमोरी झाली तेव्हा त्यांनी बुरशीच्या थराशी हात नेला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपणहून त्या मऊ, थंड मांसाला बोटं लावली. मूठ उघडली. किडा पुन्हा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला.

"चला की आत्ती, भिजताय!"

"थांब गं. ह्येला चालू तर लागू दे."

किती तरी वेळानं त्यानं एक पाय काढला, मग दुसरा, आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात थराखाली जाऊन खायला लागला. "खा मेल्या," पद्माक्का म्हणाल्या आणि भांडी उचलली.

घरी येऊन त्यांनी हात राखेनं घासला, चिंचेनं घासला, शिकेकाईनं घासला. वास हलला नाही. पाटावर बसून जप करायला लागल्या तर माळेच्या मण्यामण्यालाही तोच. आतल्या खोलीत गुणमाला निवांत घोरत होती. उलटी नाही, धाव नाही. पायगोंडा दारातून हळूच म्हणाला, "आई, ठरलं वाटतं पोटात." पद्माक्कांनी त्याला गप्प बसायची खूण केली, आणि ती खूण करताना हात नाकाजवळून गेला म्हणून तोंड वेडंवाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याच हातांनी पीठ कालवलं. वास अजून होताच. पोटात कालपासून एक घास होता, तोही आता नसावा. या गावाला, या पावसाला, त्या आंब्याला आणि त्यावरच्या सगळ्या वंशावळीला शेलक्या शब्दांत दोन शिव्या हासडून त्यांनी पहिलं धिरडं तव्यावर टाकलं, आणि आत हाक दिली, "गुणा, छत्री घे गं."